हौद्याचं माप

सुताराला रडू आलं नव्हतं. ही गोष्ट आठ महिने घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि ती तोंडातून कोणी काढत नव्हतं. धाकटा भाऊ गेला त्या सकाळी सुतार मागच्या शेडमध्ये पिकअपच्या उजव्या दाराला प्रायमर मारत होता. बायको धावत आली, खांबाला धरून उभी राहिली आणि तिने दोन वाक्यांत सांगितलं. भाऊजींनी शिवता शिवता मशीनवरच मान टाकली. डॉक्टर येऊन गेले, काही उरलेलं नाही.

सुताराने ऐकून घेतलं. मग ब्रश डब्यात बुडवला आणि राहिलेलं अर्धं दार रंगवायला घेतलं.

"अहो, मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. आलोच. मध्येच सोडला की वाळल्यावर रेघ दिसते."

त्याने दार पूर्ण केलं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, फडक्याला हात पुसले आणि मग तो भावाच्या घरात गेला. जायला अंगण ओलांडायचं होतं, सतरा पावलं. ती सतरा पावलं तो सव्वा वर्षात पहिल्यांदाच चालत होता.

नातेवाईक जमले, गेले. जाता जाता कोणी कोणी सुताराकडे पाहून मान हलवली. एका मावशीने तर त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "दगड आहे मेला, दगड." बायकोने मावशीला चांगलंच फैलावर घेतलं, पण सुताराला राग आला नाही. राग यायला आत काहीतरी जागं लागतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल असतो पण आपला नसतो, तसं त्याला सगळ्या अंगभर झालं होतं. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं, तेही बायकोने दाखवलं तेव्हा त्याला कळलं.

आणि रोज नऊच्या ठोक्याला तो शेडमध्ये जायचा.

ती पिकअप त्यांच्या वडिलांची. वडिलांचं फर्निचरचं दुकान होतं, आणि कपाटं, पलंग, टेबलं सगळं याच गाडीतून घरोघर पोचायचं. वडील गेले, दुकान गेलं, गाडी मात्र शेडमध्ये उभी राहिली ती वीस वर्षं. पत्रा तांबेऱ्याने इतका खाल्ला होता की ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसायची. सीटच्या स्प्रिंगांत मांजरीच्या चार पिढ्या वाढल्या. मागचा लाकडी हौदा तर कुजून बसला होता. शेजारच्या फिटरने पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला. "श्रद्धांजली वाहतोय," म्हणाला.

दोन्ही भाऊ कामातून मोकळे झाले होते. थोरला जन्मभर सुतार, धाकटा जन्मभर शिंपी. दोघांच्याही बायका त्यांना दिवसभर घरात बघून वैतागल्या होत्या. तेव्हा गाडी पुन्हा उभी करायची असं ठरलं आणि सगळ्यांत जास्त आनंद दोघी जावांना झाला. कामाची विभागणी आपसूकच झाली. इंजिन फिटरकडे. गंज खरवडणं, पत्र्याच्या खड्ड्यांत पुट्टीसारखी लांबी भरणं, रंग हे दोघांनी मिळून. हौदा सुताराचा. सीट आणि हौद्यावरचा कॅनव्हासचा टप शिंप्याचा. पहिले सहा महिने अंगणात तारेच्या ब्रशचा खरखराट आणि दोघा भावांची थट्टामस्करी यांशिवाय काही ऐकू येत नसे. संध्याकाळी दोघेही डोक्यापासून पायापर्यंत तांबूस होऊन घरी यायचे आणि कपडे दाराबाहेरच काढा म्हणून बोलणी खायचे.

मग हौदा तयार झाला आणि टपासाठी त्याची लांबी मोजायची वेळ आली.

आता सुताराच्या टेपबद्दल सांगायला हवं. तो पोलादी टेप त्याच्याकडे पस्तीस वर्षं होता आणि त्याच्या टोकाचा पहिला इंच कधीच तुटून गेला होता. म्हणून सुतार एकच्या खुणेवर अंगठा ठेवून मोजायचा आणि येईल त्या आकड्यातून एक वजा करायचा. नवा टेप घ्या म्हणून बायकोने हजारदा सांगून पाहिलं. सुतार म्हणायचा, हाताला बसलेली वस्तू बदलायची नसते. आणि खरंच, पस्तीस वर्षांत त्याचं एकही दार चौकटीत अडकलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने हौदा मोजला आणि ओरडून आकडा सांगितला. "त्र्याहत्तर!"

शिंपी लिहून घेणार तेवढ्यात थांबला. गळ्यातला कापडी टेप त्याने काढला, वाकून स्वतः मोजलं. "दादा, बहात्तर भरतंय."

"तुझी ती चिंधी ताणलीय. ताणलेला टेप कमीच दाखवतो."

"ताणलेला नाही रे. दादा, तू एक वजा केलास का?"

एवढंच तो म्हणाला. हसून म्हणाला, वाकडं काही नव्हतं त्यात. पण फिटर तिथे होता, दोघी जावा चहा घेऊन आल्या होत्या, आणि सगळे सुताराच्या तोंडाकडे बघत होते. सुताराच्या डोक्यात तिडीक गेली.

"चाळीस वर्षं लाकूड कापतोय मी. तू मला वजाबाकी शिकवणार? तू माणसांची ढेरपोटं मोज. गाडी माझ्यावर सोड."

"बरं," शिंपी म्हणाला. "पण बहात्तरच आहे."

"मग तुझ्या बहात्तरचा टप शीव आणि तुझ्याच घरावर घाल!"

चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. निरोप जावांमार्फत जायला लागले. "माईला सांग, तिच्या नवऱ्याला म्हणावं, अंगणातला नळ गळतोय." माई म्हणजे शिंप्याची बायको. तिला लग्न होऊन आल्यापासून दोन्ही घरं माईच म्हणत. माई तिकडून निरोप आणायची, "हे म्हणतात, ऐकू येतंय त्यांना, बहिरे झालेले नाहीत." दोघी जावा आधी हसायच्या, मग कंटाळल्या, मग त्यांनी निरोप न्यायचंही सोडलं. दोघे म्हातारे एकाच अंगणात एकमेकांना वळसे घालून फिरत राहिले.

आता खरी गोष्ट. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सगळी मंडळी बाहेर गेली असताना सुतार शेडमध्ये गेला. त्याने फिटरचा नवा टेप घेतला आणि हौदा मोजला. बहात्तर. पुन्हा मोजला. बहात्तरच. वजा करायला तो विसरला होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही नेमकं त्या दिवशी.

सतरा पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, अरे, चुकलं माझं. धाकटा खो खो हसला असता आणि गोष्ट तिथे मिटली असती. त्याऐवजी सुताराने इंचभर जाडीची सागवानी पट्टी रंधली. हौद्याच्या मागच्या कडेला, तळाशी एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन तुकडे बसवले, आठ स्क्रू पिळले, डोकी लांबीने बुजवली, वरून पॉलिश मारलं. टप अडकवायचे तीन आकडे जुन्या कडेवरून काढून पट्टीवर ठोकले. काम इतकं सफाईचं झालं की जोड बोटाला लागेना. हौदा आता त्र्याहत्तर इंच होता आणि सुतार खरा ठरला होता. पुढे कधीतरी टप चढवायची वेळ येईल, तो इंचभर तोकडा पडेल, आणि सगळ्यांना दिसेल.

त्याला या गोष्टीची लाज वाटत होती का? वाटत होती. पण लाजेवर पॉलिश चढलं होतं, आणि दिवस जात होते. मग दिवसच संपले.

आठ महिन्यांनी, एका बुधवारी, माई शेडमध्ये आली. शिंपी गेल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. गाडी आता ओळखू येत नव्हती. निळा रंग चढला होता, दारं एका बोटाने लागत होती, इंजिन पहिल्या चावीला उठत होतं. फक्त टप पसरायच्या हौद्याच्या कमानी उघड्या होत्या.

"दादा, मी मुलीकडे राहायला जातेय. रविवारी," माई म्हणाली. "सामान फार नाहीये. शिलाई मशीन, दोन ट्रंका, एक कपाट. ते या गाडीतून न्यायचं आहे मला."

"ट्रक सांगू की एखादा. ही अजून कच्ची आहे."

"नाही. हीच हवी. टप शिवून ठेवलाय त्यांनी, घडी घालून कपाटात आहे. रविवारी सकाळी आणते. चढवू, आणि निघू."

"बरं," सुतार म्हणाला.

माई थोडा वेळ थांबली. त्याने काहीतरी बोलावं असं तिला वाटत असावं. त्याने पान्हा उचलला आणि आधीच घट्ट असलेला एक नट घट्ट केला. माई गेली.

गुरुवारी सुताराने काही केलं नाही. फूटबोर्डवर बसून राहिला. रविवारी माई टप आणणार, तो बहात्तरचा असणार, कारण धाकट्याने जन्मात कधी चुकीच्या मापाचं काज केलं नाही. आणि तो इंचभर तोकडा पडणार. माई बघणार. आपला नवरा चुकला होता, हे मनात घेऊन ती हे घर सोडणार. सुताराने दोन वर्षांपूर्वी हेच मागितलं होतं. आता ते समोर येऊन उभं राहिलं तर त्याला त्यात काहीच गोड लागेना. जो माणूस उलटून बोलू शकत नाही त्याला खोटं पाडायचं म्हणजे काय, असं त्याने स्वतःला विचारलं. उत्तरादाखल आत काही हललं नाही. पण हात उठले.

शुक्रवारी त्याने स्क्रूंवरची लांबी पटाशीने खरवडली. आठही स्क्रू काढले. पट्टीचे तिन्ही तुकडे सोडवून बाकाखाली टाकले, आकडे पुन्हा जुन्या कडेवर ठोकले. हौदा बहात्तर झाला. आता टप बरोबर बसेल, आणि माईला सांगायचं, तुझा नवरा खरा होता, माझं चुकलं. वाक्य त्याने तोंडात घोळवून ठेवलं. बायकोने चहा आणला तेव्हा जमिनीवर पडलेला लांबीचा चुरा तिला दिसला.

"हे काय काढलंत?"

"जास्त होतं ते काढलं."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पण खोदून विचारलं नाही.

रविवारी सकाळी माई टपाची घडी डोक्यावर घेऊन आली. मातकट हिरवा, जाड कॅनव्हास, पितळी कड्या ओळीने बसवलेल्या. दोघी जावा आणि सुतार यांनी तो कमानींवर पसरला. पुढची कड केबिनमागच्या फळीला दोरीने आवळून बांधली. मग सुतार मागे आला, कापड दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

टपाची कड हौद्याच्या कडेपुढे आली. इंचभर बाहेर लोंबत राहिली.

त्याने पुढची दोरी तपासली. घट्ट होती. पुन्हा ओढलं. कड्या आकड्यांत अडकवल्या तर मधलं कापड ढिलं, पोट सुटल्यासारखं. धाकट्याच्या हातचं ढिलं काम सुताराने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने कड उलटी करून पाहिली. टप आधी बहात्तरवर दुमडून पुरा केलेला होता, ती पक्की शिवण तिथे होती. आणि तिच्यापुढे एक वेगळी पट्टी जोडली होती. इंचभर रुंद, जरा गडद, नव्या ताग्यातली, दुहेरी टाक्याने. पितळी कड्या जुन्या कडेतून उसवून या पट्टीवर बसवल्या होत्या.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही.

 माई कापड सोडून हौद्याच्या मागच्या कडेला बघत होती. तिथे लाकडात आठ भोकं उघडी होती.

"पट्टी काढलीत तुम्ही?" ती म्हणाली.

सुतार तिच्याकडे वळला. "तुला पट्टीचं कसं माहीत?"

"अहो, त्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाली त्याला. टप शिवून झाला होता, तेव्हा कड्या अडकवायचे आकडे मोजायला म्हणून हे इकडे आले. तुम्ही दोघं घरी नव्हतात. परत आले ते पोट धरून हसत होते. मला म्हणाले, 'दादाने हौदा वाढवला गं! इंच वाढवला, पण काय काम केलंय, मला हात फिरवून जोड सापडेना. मापलं म्हणून कळलं.' "

"मग?"

"मग काय. बसले मशीनवर आणि जोडली पट्टी. मी म्हटलं, अहो, तुमचंच माप बरोबर होतं ना, जाऊन सांगा की तोंडावर. तर म्हणाले, 'दादाला कळू द्यायचं नाही. टप नीट बसला की तो खूश होईल आणि आपणहून बोलायला येईल. तेव्हा मी म्हणेन, तुझंच बरोबर होतं.' "

 सुताराच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"मग मला बोलावलं का नाही टप चढवायला?" सुतार म्हणाला.

"तुम्ही बोलवाल म्हणून वाट बघत होते. हौदा तुमचा ना. रोज विचारायचे मला, दादाने आज कमानी बसवल्या का? त्या दिवशीही सकाळी विचारलं होतं. मी म्हटलं, दाराला रंग देतायत."

सुताराने हातातलं कापड सोडलं. तो बाकापाशी गेला, खाली वाकला, आणि पट्टीचे तीन तुकडे काढून घेऊन आला. स्क्रू डबीत होते. तळाचा तुकडा कडेला लावला तर भोकाला भोक मिळालं.

"माई, माझं चुकलं होतं," तो म्हणाला. वाक्य ठरवलं होतं तसं आलं नाही, तुकडे होऊन आलं. "मी वजा केलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कळलं मला. माझं चुकलं होतं गं."

"माहितीये, दादा. घट्ट धरा ते, हलतंय."

तिने पट्टी एका बाजूने धरली, बायकोने दुसऱ्या बाजूने. त्याच भोकांत तेच स्क्रू. पहिले चार नीट गेले. पाचव्याला स्क्रूड्रायव्हर घसरला आणि त्याच काळ्या नखावर बसला. सुतार कळवळून ओरडला. दुखलं. किती महिन्यांनी दुखलं. त्याने अंगठा मुठीत धरला आणि तसाच खाली बसला, हौद्याला पाठ लावून, गंजाच्या भुकटीत, आणि रडायला लागला. म्हातारं माणूस रडतं तसं नाही, लहान मूल रडतं तसं, तोंड वाकडं करून, सूर धरून. बायको त्याच्या शेजारी बसायला निघाली तर माईने तिला हाताने थांबवलं.

"रडू द्या, जाऊबाई."

बऱ्याच वेळाने तो उठला. स्क्रूच्या खाचा त्याला दिसेनात, म्हणून उरलेले तीन माईने पिळले. शिंप्याच्या बायकोच्या मानाने बरे पिळले. आकडे परत पट्टीवर आले. मग तिघांनी टप ओढला. कड पट्टीवर येऊन बसली, कड्या आकड्यांत गेल्या, आणि कापड ढोलक्यासारखं ताणलं गेलं. कुठे सुरकुती नाही.

शिलाई मशीन, दोन ट्रंका, कपाट, सगळं आत गेलं. माई जावेच्या गळ्यात पडली, मग पुढच्या सीटवर चढून बसली. ती सीट शिंप्याने भांडणाच्या आधीच शिवली होती.

सुतार निघायच्या आधी एकदा मागे गेला. खिशातून जुना टेप काढला. केबिनमागच्या फळीला एकची खूण लावून अंगठ्याने दाबली, टेप शेवटपर्यंत सोडला आणि वाकून आकडा पाहिला.

"चौऱ्याहत्तर," तो मोठ्याने म्हणाला. मग थोडं थांबून, पुढे सीटवर बसलेल्या माईला आणि सतरा पावलांपलीकडच्या बंद घरालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "वजा एक."